फुग्यावरचा हात

कबनूरला मागांचा खडखडाट दिवसभर चालू असतो आणि माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात. त्या खडखडाटात रुद्राणी मागाच्या धोट्यात बसवायच्या सुताच्या कांड्या भरायची. लग्न होऊन आल्यापासून हेच काम. हात चालू आणि तोंड बंद. शेजारच्या बायका चिडवायच्या, ही तोंडाची किल्ली माहेरीच विसरून आली म्हणून. त्यावरही ती हसायची नाही. सासूनं शिव्या घातल्या तरी थंड, नवं लुगडं घेतलं तरी थंड. नवरा प्रभुलिंग त्याच कारखान्यात माग चालवायचा. तोही कमी बोलणारा. संसार बरा चालला होता, म्हणजे भांडणं नव्हती. त्यात प्रेम होतं का, हा प्रश्न दोघांनाही कधी पडला नाही. पडायला सवड कुठं होती?

सत्त्याण्णवच्या श्रावणात प्रभुलिंग रात्रपाळी संपवून मागांच्या शेडमध्येच जमिनीवर आडवा झाला. पहाटे पोटात कळ घेऊन उठला. कुणी ओवा दिला, कुणी सोडा, कुणी रुद्राणीला बोलावून आणलं. उजाडेपर्यंत त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली. एक शहाणा म्हणाला, सकाळी सकाळी चढवलेली दिसतेय. प्रभुलिंगनं आयुष्यात कधी दारूला हात लावला नव्हता, हे रुद्राणीला माहीत होतं. पण चार माणसांत बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून ती गप्प उभी राहिली. शेवटी त्याला थुंकीही गिळता येईना, तेव्हा मालकानं जीप काढली आणि त्याला कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, मण्यार चावली आहे. तिचा दंश दिसत नाही आणि दुखतही नाही. माणूस हळूहळू लुळा पडत जातो आणि शेवटी छातीही हलायची थांबते. त्यांनी घशातून श्वासनळीत एक नळी घातली, ती पट्टीनं गालाला चिकटवली आणि तिच्या तोंडाला एक रबरी पिशवी जोडली. सगळे तिला फुगाच म्हणत. श्वास देणारी दोन यंत्रं होती, पण दोन्ही आधीच दुसऱ्या दोघांना लावलेली. मग फुगा नातेवाइकांनीच दाबायचा. दाबायचा, छाती वर आली की सोडायचा, पुन्हा दाबायचा. विष उतरेपर्यंत थांबायचं नाही, एवढं सांगून डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

रुद्राणीनं फुगा हातात घेतला आणि मागाच्या ठेक्यावर दाबायला लागली. तिला दुसरा ठेकाच माहीत नव्हता. कारखान्यातले दोघं-तिघं पाळीला आले होते, तेही तसेच. खटाखट, खटाखट. सिस्टर धावत आली. "अहो, माग चालवताय का? फुटेल की छाती," म्हणून करवादली आणि रुद्राणीच्या हातावर हात ठेवून तिनं तिला सावकाश दाबायला शिकवलं. मागवाल्या माणसाला सावकाश शिकवणं सोपं नसतं. दुपार झाली तेव्हा कुठं तिचा हात वळणावर आला.

दुसऱ्या दिवशी सीमेकडच्या गावातून थोरले भावजी आले. शिवाप्पा. आवाज ढोलासारखा आणि मन मोठं. बाप गेल्यावर प्रभुलिंगला त्यांनीच वाढवलं होतं. त्यांनी भावाची पापणी वर केली. बुबुळ हललं नाही. तळपायाला चिमटा काढला. कानाशी तोंड नेऊन "तम्मा, तम्मा" अशा, कानडीत धाकट्या भावाला मारतात तशा हाका मारल्या. काही नाही. मग त्यांनी डोक्याचा रुमाल काढून डोळ्यांना लावला आणि बरोबरच्या माणसाला गावी पाठवलं, रानात खड्डा काढायला.

त्यांच्या समाजात मेलेल्या माणसाला आडवं पुरत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात. पण अंग ताठ व्हायच्या आत मांडी घालावी लागते. शिवाप्पांच्या वडिलांच्या वेळी उशीर झाला होता. मग चौघांनी जोर लावून त्यांचे पाय दुमडले, आणि गुडघ्याचा तो आवाज शिवाप्पांनी ऐकला होता. भावाच्या बाबतीत ते होऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं. डॉक्टर म्हणाले, काळीज चालू आहे. शिवाप्पा म्हणाले, तुम्ही वारा भरताय म्हणून चालू आहे. डॉक्टरांनी हात जोडले, जरा दम धरा म्हणाले, तेवढ्यात त्यांना कुणीतरी दुसरीकडे बोलावून नेलं.

दुपारी वॉर्डात जेवणाची गडबड होती. शिवाप्पा खाटेपाशी आले आणि हळू आवाजात, जो त्यांचा कधीच नसायचा, म्हणाले, "रुद्रव्वा, तो गेलाय. तू दाबतीयास म्हणून अडकलाय. सोड आता त्याला."

ती दाबत राहिली. त्यांनी प्रभुलिंगच्या कपाळाला विभूती लावली, गळ्यातलं लिंग सोडून डाव्या हातावर ठेवलं, त्याला खांद्याला धरून उचलून भिंतीशी टेकवलं आणि त्याच्या पायांची मांडी घालायला लागले. त्या ओढाताणीत फुगा नळीवरून निसटला.

नळी तोंडात तशीच राहिली. फुगा रुद्राणीच्या मांडीवर आला. तिनं नवऱ्याच्या छातीकडं बघितलं. छाती हलत नव्हती. आता कुणी तिला काही म्हणणार नव्हतं. तिनं सोडला नव्हता, सुटला होता. तिला दुःख झालं नाही आणि सुटल्यासारखंही वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. बोटं मोकळी झाली, एवढं कळलं. चहा मिळाला तर बरं, असंही मनात येऊन गेलं. ती बसून राहिली.

मग तिच्या हातानं फुगा उचलला, नळीला लावला आणि दाबला. मागाच्या ठेक्यावर. ट्रे टाकून सिस्टर किंचाळत आली, तिनं प्रभुलिंगला आडवं केलं आणि शिवाप्पांना बाहेर घालवलं.

पुढं दोनेक दिवसांनी प्रभुलिंगची पापणी फडफडली. मग बोट हललं. एके सकाळी त्याचा त्याला श्वास जमला, आणि नळी निघाली. डॉक्टर खुशीत होते. म्हणाले, या विषात माणूस शुद्धीवर असतो. फक्त हलता येत नाही. यांना पहिल्यापासून सगळं ऐकू येत असणार, सगळं कळत असणार. शिवाप्पा लहान मुलासारखे रडले आणि त्यांनी वॉर्डभर पेढे वाटले. रुद्राणी खाटेची दांडी धरून उभी राहिली. पेढा हातात तसाच विरघळला.

खड्डा काढून रिकामा बुजवायचा नसतो, म्हणून शिवाप्पांनी त्यात नारळ पुरला. पुढं प्रत्येक लग्नात ते ही गोष्ट सांगून पंगत हसवायचे. प्रभुलिंगही हसायचा. मांडी घातल्याची गोष्ट मात्र कुणी काढत नसे.

प्रभुलिंग पुन्हा मागावर गेला. तेव्हा दहा वर्षांची असलेली लेक सुष्मिता शिकली, तिचं लग्न झालं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काही झालंच नाही. पण रुद्राणी भीत होती. जेवताना त्याचा हात मध्येच थांबला की हिचा घास अडकायचा, आता विचारणार, फुगा लगेच का लावला नाहीस. तो विचारायचा नाही. आणि तिच्या आधीच थंड असलेल्या अंगात राहिलेली थोडीशी ऊबही निघून गेली. देवाला गेली तरी तिला काही मागावंसं वाटेना. लेकीच्या पाठवणीला सगळ्या बायका रडल्या, आणि ही कोरडी. लोक म्हणाले, बाई आहे का दगड.

दोन हजार आठ साली शिवाप्पांच्या छातीत कफ भरला. कोल्हापूरच्या एका खासगी दवाखान्यात त्यांना यंत्रावर ठेवलं. आता फुगा दाबायला कुणी लागत नव्हतं, यंत्र आपलं आपण श्वास देत होतं. औषधानं निजवलेले शिवाप्पा निपचित पडून होते. भेटायला जाणारे पायाशी उभे राहून हात जोडायचे आणि डोळे पुसत बाहेर यायचे. प्रभुलिंग आत गेला तो थेट उशाशी. वाकून भावाच्या कानात, मागांवर बोलतात तसा मोठ्यानं बोलला.

"अण्णा, मी प्रभ्या. भिऊ नगोस. तू हायेस, सगळ्यास्नी म्हाईत हाय. कोण तुला बसवत न्हाय."

मागं उभ्या रुद्राणीनं ते शब्द न् शब्द ऐकलं.

बाहेर जिन्याजवळ बाकं होती. भावकीतली माणसं तिथं दाटीनं बसली होती. नवरा-बायको जरा लांब, खिडकीशी बसले. ती म्हणाली, "तुम्हाला सगळं कळत हुतं."

"व्हय."

"फुगा सुटला. मी लगीच लावला न्हाय."

"म्हाईत हाय." तो खिडकीबाहेर बघत होता. "मीबी आतनं म्हणत हुतो, नगं लावू. लय तरास हुता. माझा काय राग न्हाय तुझ्यावर."

अकरा वर्षं जे ऐकायची ती वाट बघत होती ते हेच. तरी तिला हलकं वाटलं नाही. कारण त्याचं बोलणं संपलं नव्हतं.

"येकच इचारायचं हुतं. डोळं मिटल्यालं. वारा परत आल्याला कळला, आणि सिस्टर वरडल्याली कळली. पर आधी काय झालं, ते कळलं न्हाय. ती वरडली म्हणून लावलास, का..."

पुढं त्याला विचारता येईना. तेव्हा रुद्राणीला कळलं, की इतकी वर्षं तोही भीतच होता. ती ज्या प्रश्नाला भीत होती तो त्याच्या मनात कधी आलाच नव्हता. आपण बायकोला हवे होतो, का तिनं सिस्टरच्या धाकानं आपल्याला ठेवून घेतलं, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

तिला खोटं बोलता आलं असतं, गोड बोलता आलं असतं. तिनं आठवून बघितलं, आणि जे झालं तेच सांगितलं.

"आधी फुगा," ती म्हणाली. "सिस्टर मागनं आली. का लावला, म्हाईत न्हाय. कुणी सांगितलं न्हाय मला. माझा मीच लावला."

प्रभुलिंगनं पंचा तोंडाला लावला आणि हंबरडा फोडला. बाकांवरची माणसं दचकून उठली. शिवाप्पा गेले असं समजून बायकांनी गळा काढला, कुणीतरी गावाकडं फोन लावायला धावलं. रुद्राणी उठली आणि दोन्ही हात वर करून मोठ्यानं म्हणाली, "बसा, बसा. भावजी हायेत. ह्यांचं येगळं हाय."

मग ती नवऱ्याशेजारी येऊन बसली आणि तीही रडली.