पाण्यातली चाळ

जगन,

दादरच्या वाचनालयातल्या तुझ्या प्रदर्शनात अभिप्रायाची वही होती. तीत मी 'पाहिलं' एवढंच लिहून सही केली. तुझ्या पुतणीला वाटलं, बाईंना आवडलं. नाही आवडलं. वहीत चार ओळींची जागा आणि मागे सात जण पेन मागत उभे, म्हणून घरी येऊन लिहिते आहे.

एकवीस फोटो, एकवीसही पाण्याचे. बाणगंगेच्या पायऱ्या पाण्यात, भाऊच्या धक्क्यावरच्या होड्या पाण्यात, रे रोडला तेलाच्या तवंगावर थरथरणारी क्रेन. उलटं प्रतिबिंब तू सुलटं करून टांगतोस. बघणारा क्षणभर फसतो आणि मग 'वा' म्हणतो. एवढ्यावर तुझं भागतं. आरशाने भिंतीवर कवडसा नाचवणाऱ्या पोरालाही एवढंच कौतुक मिळतं. फक्त ते शाल घेत नाही.

परावर्तन तुला मीच शिकवलं होतं. माटुंग्याच्या कॉलेजात तू दोन वर्षं माझ्या वर्गात होतास. आकृत्या सुबक काढायचास आणि किरणांना बाण द्यायला विसरायचास. प्रकाश कुठून कुठे जातो याच्याशी तुला तेव्हाही देणंघेणं नव्हतं. पुढे विमा कंपनीत बत्तीस वर्षं कारकुनी केलीस. ज्या खुर्चीत बसलास तिच्यातूनच उठलास. त्यात वाईट काही नाही, लालबागमधल्या आपल्या चाळीत अर्धे तसेच आहेत. पण ते निवृत्त झाल्यावर भाजी आणतात. तू कॅमेरा आणलास. चाळीतल्या दर्शनाच्या मुलाच्या बारशाला फोटो काढ म्हटलं, तर म्हणालास, "बाई, मी माणसं करत नाही." जसा काही खाटीक सांगतोय, आमच्याकडे मासे मिळत नाहीत!

मग चाळीला खेटून टॉवरचा पाया खणला गेला आणि त्या खड्ड्यात पाणी साचलं. आम्हाला डास दिसले, तुला कला दिसली. रोज सकाळी सहाला, पंप सुरू व्हायच्या आधी, तू मातीच्या ढिगाऱ्यावर उभा. वॉचमन तिथे दुसऱ्या कोणाला चढू देत नसे. तुला द्यायचा, कारण तू निरुपद्रवी. दीड वर्ष तू एकाच जागेवरून आपली चाळ पाण्यात बघत होतास.

तळमजल्यावर, खड्ड्याकडच्या टोकाला अंबिका राहायची. बरोबर तुझ्या खोलीखाली, तीन मजले खाली. दिवाळीत तिचा दरवाजा लागेनासा झाला. होळीला चौकटीच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी भेग. ती तुला दारातून ओरडली होती, मी ऐकलंय: "जगन्या, डबक्यात तुका माझी खोली दिसता, मग दरवाजो लागना नाय ता दिसना नाय?" तू हसलास आणि तिला हळू बोलायला सांगितलंस. जणू आवाजानेही पाणी हलतं.

बिल्डरचा इंजिनिअर आला आणि भेगांवर पेन्सिल फिरवून म्हणाला, "जुनी चाळ, जुन्या भेगा." चाळ आता, खड्ड्यामुळे कलते आहे हे दाखवलं तर खोदकाम थांबणार होतं. नाही तर धोकादायक म्हणून अंबिकेच्या बाजूच्या चार खोल्या रिकाम्या. महापालिकेतल्या सुनावणीला दहा दिवस होते. मला तुझे फोटो आठवले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तीन जिने चढून आले.

"मागच्या वर्षीचा काढ. आणि कालचा. अख्खी चाळ दिसते असे."

"अख्खी नाही, बाई. खालची, पाण्यातली. वरची कापतो. दोन दोन चाळी बऱ्या नाही दिसत."

"न कापलेले?"

"पुसले. जागा पुरत नाही."

"बरं, कापलेल्यांत चाळ कलती दिसते का बघू."

"छे, मी सगळे सरळ करून घेतो. गंमत सांगू? पाण्याच्या कडेला चाळ मोडल्यासारखी दिसायची. दर महिन्याला जरा जास्तच. मला वाटलं, लेन्स बिघडली. नवी घेतली, तरी तेच! मग एकेक सरळ करत बसलो. डोळे जातात हो त्यात."

ताठ उभी भिंत आणि तिचं प्रतिबिंब एका रेषेत असतात. भिंत कलली की ती रेषा पाण्याच्या काठावर मोडते, आणि कल दुप्पट दिसतो. लाखो रुपयांची यंत्रं जे मोजतात ते पाणी तुला रोज सकाळी फुकट दाखवत होतं, आणि तू ते रोज संध्याकाळी पुसत होतास.

मी ओरडले नाही. ओरडायला हवं होतं. तुला सोपं करून सांगितलं: खोदादाद सर्कलच्या अलीकडे बुधाजी मिस्त्री राहतो, त्याला मी निरोप धाडते, त्याच्याकडून भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा आणायचा. तुझ्या कठड्यावरून तो खाली अंबिकेच्या दारापर्यंत सोडायचा. ढिगाऱ्यावरून एक फोटो, न कापलेला, सरळ न केलेला. आठ दिवसांनी दुसरा. "आजच आणतो, बाई," म्हणालास.

दुसऱ्या दिवशी म्हणालास, "वारा होता, पाण्यावर तरंग होते, फोटो चांगला नसता आला." चांगला! तिसऱ्या दिवशी तू फ्रेमवाल्याकडे. चौथ्या दिवशी त्यांनी मोठा पंप लावून खड्डा कोरडा केला, आणि तू दार लावून सुतक पाळल्यासारखा बसलास. अरे, पाणी गेलं तरी दोरी आणि लोखंडाचा गोळा पुरला असता.

अंबिका आता मानखुर्दला भाचीकडे असते. तुझ्या प्रदर्शनात ती आहे, 'तरंग १४' मध्ये. उजव्या कोपऱ्यात तिचं दार, नीट बघितलं तर अर्धवट उघडं. त्याच्यासमोर एक बाई म्हणत होत्या, "किती शांत वाटतं ना?" तू मान डोलावलीस.

परवा बाजारात बुधाजी भेटला. म्हणाला, "बाय, तुमचो निरोप मिळाल्लो. ओळंबो पुसून, नवी दोरी लावून दाराकडेच ठेवलंय. न्हेवक कोण येवक नाय." मी म्हटलं, जगन येणार होता. तो म्हणाला, "मग तुम्ही तरी येवचा होतात."

बसने दहा मिनिटांची वाट आहे. मी तुझी वाट बघत बसले होते.