चाळिशीनंतर फुटलेला आवाज

माझा आवाज फुटला तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती. तोवर मी पवनीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये फोन जोडून द्यायच्या बोर्डावर बसायचो आणि तारेच्या पलीकडचा जवळजवळ प्रत्येक माणूस मला बाई समजायचा.

गावातल्या लोकांना ठाऊक होतं. फोनही गावात मोजकेच होते: ठाणं, दवाखाना, राइस मिल, दोनचार व्यापारी. पण बाहेरगावचा माणूस "ताई, जरा लवकर लावून द्या जी" असंच म्हणायचा. नोकरीला लागलो तेव्हा मी दुरुस्त करायचो. मग तो इतका ओशाळायचा की त्याचं बोलायचं राहून जायचं आणि पैसे भरलेली मिनिटं निघून जायची. पुढे मी दुरुस्त करणं सोडलं. भंडाऱ्याच्या बोर्डावर एक बाई होत्या, त्या तेवढ्या मला पहिल्या दिवसापासून 'भाऊ' म्हणत.

अंगानं मी उंच होतो, हात लांब, चेहरा गुळगुळीत. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी मी विशीत होतो, पण नागपूरच्या गर्दीत पाणी वाटणाऱ्या बायांनी मला लहान पोरांत बसवलं. "एखाद्याले उशिरा येते," असं एका वैद्यानं आईला सांगितलं होतं. आई वाट पाहत राहिली. ती गेली तरी माझ्या गालावर काही उगवलं नव्हतं.

लग्न तिशी ओलांडल्यावर झालं. बायकोचं ते दुसरं लग्न. पहिल्या घरून ती अंगावर वळ घेऊन माहेरी आली होती. मला माझ्याबद्दल जेवढं कळत होतं तेवढं मी तिच्या भावाच्या आंगणात तिला सांगून टाकलं. ती खाली पाहत होती. मग म्हणाली, "तुमी बोलता तं भेव नाई वाटत." एवढ्यावर आमचं लग्न ठरलं. तिनं घरात शिलाई मशीन ठेवली, आसपासच्या बायांचे ब्लाउज शिवू लागली. आमचे दिवस हळू आवाजात जात होते.

मग मला झोप येऊ लागली. रात्री नीट झोपलो तरी दुपारी बोर्डासमोर डोळे जड व्हायचे. वैनगंगेकडून गरम वारा यायचा, पंखा घरघरायचा, हातात फोन जोडायची दोरी तशीच राहायची. मला वाटायचं, मी नदीच्या तळाशी बसलो आहे आणि वरून माणसं बोलत चालली आहेत. कुणी भाव विचारतंय, कुणी मयतीची खबर देतंय, सगळं पाण्यातून गाळून येतंय. पायांत जोर राहिला नव्हता. घाटाच्या पायऱ्यांवर एकदा साधा पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं.

प्लास्टर निघालं तरी हाड नीट जुळलं नव्हतं. आमच्या दवाखान्यातले डॉक्टर फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिले. "तुमचं वय काय? ही हाडं सत्तरीच्या म्हाताऱ्याची दिसतात," म्हणाले आणि नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

तिथले डॉक्टर वयस्कर होते. भूक लागते का, शौचाला साफ होतं का, हे ज्या सुरात विचारलं त्याच सुरात त्यांनी मला ते सगळं विचारलं जे आजवर कुणी सरळ विचारलं नव्हतं. मी सांगितलं. बायको बाजूच्या स्टुलावर बसून होती. शेवटी त्यांनी विचारलं, "वास येतो का तुम्हाला? फुलांचा, शिजत्या भाताचा?"

"नाही," मी म्हणालो. "लहानपणापासून नाही."

खरं म्हणजे मला वाटायचं, लोक वास वास म्हणतात ते उगाच बोलायची रीत आहे. बायकोनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं: मेंदूच्या खाली एक लहानशी ग्रंथी असते, ती हुकूम सोडते तेव्हा शरीर पुरुषाचा हार्मोन तयार करतं. माझ्यात तो हुकूम कधी सुटलाच नाही. जन्मापासूनचीच गोष्ट, वास न येणंही त्यातलंच. हाडं त्याच्यावाचून वाळली, झोपही त्याच्यामुळेच. "तेलातलं इंजेक्शन असतं. तीन आठवड्यांनी एक, जन्मभर. कुणीही टोचून देईल. पण रक्त तपासत राहावं लागेल, त्यात हयगय करू नका."

परतीच्या गाडीत बायको खिडकीशी बसली होती. भिवापूर स्टेशन आलं. मग म्हणाली, "अवो, मंग मी एवढे वर्स मोगरा कोनासाठी माळला?"

मी म्हणालो, "मले दिसत होता ना."

ती हसली. डोळे पुसत हसली.

सुई गावातच मिळायची. दवाखान्यातली नर्स द्यायची. थंडीत औषध मधासारखं घट्ट व्हायचं, म्हणून बायको ती काचेची कुपी मुठीत धरून दवाखान्यापर्यंत चालायची. नर्स म्हणायची, "आना बाई तुमची गरम शिशी."

रक्तासाठी मात्र नागपूर गाठावं लागे. पुढची सुई घ्यायच्या आधी, मागचं औषध अंगात सगळ्यांत कमी उरलं असेल तेव्हाचं रक्त डॉक्टरांना हवं असायचं. म्हणजे मी सगळ्यांत गळालेलो असायचो तेव्हाच प्रवास. पवनी रोड स्टेशनवरून छोट्या लाईनीची गाडी. ती इतकी सावकाश जायची की मला वाटायचं, गाडी उभीच आहे आणि धानाच्या बांध्या, पळसाची झाडं, तळ्याची पाळ हीच मागं सरकताहेत. धुक्यात एखादा माणूस रुळाच्या कडेनं चालताना दिसे आणि पुष्कळ वेळ आमच्या सोबतीनंच चालत राही. बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून मी झोपायचो. ती मला नागपूरच्या इतवारी स्टेशनात उठवायची.

दंडाला रबर बांधून रक्त काढायचे. एका नळीतलं तिथंच तपासलं जाई: रक्त किती लाल, किती घट्ट, लिव्हर बरं आहे का. दुसऱ्या नळीतलं बर्फात ठेवून मुंबईला जाई, आणि हार्मोन किती भरला याचा आकडा यायला कित्येक आठवडे लागत. तोवर मी बदललेलोही असायचो. डॉक्टर म्हणायचे, "रिपोर्ट मागच्या तुमचा आहे. आजचे तुम्ही कसे आहात ते सांगा."

आजचा मी कसा होतो? आधी कपाळावर मुरुम आले, शाळकरी पोरासारखे. मग भूक. सुई घेतल्यावरचा आठवडा उन्हासारखा असायचा. मी नदीपर्यंत जाऊन यायचो, बोर्डावर ताठ बसायचो. दुसरा आठवडा साधा जायचा. तिसऱ्यात पुन्हा ते पाणी डोक्यावरून वाहू लागायचं. बायको शर्टाचं माप घ्यायची. खांद्याला टेप लावून म्हणायची, "खांदे अजून सुटले. वाढवाले कापड ठेवलंच नाई मी आत." पुढे ओठावर काळी लव आली तेव्हा मी न्हाव्यापुढे जाऊन बसलो. त्यानं काही विचारलं नाही. फेस लावून वस्तरा फिरवला आणि आरसा हातात दिला. गाल गार लागत होते. मी बराच वेळ गालावरून हात फिरवत राहिलो.

आणि एका दुपारी बोर्डावर कॉल आल्याचं शटर पडलं, मी दोरी लावून "पवनी" म्हणालो, आणि ते दुसऱ्याच कुणीतरी म्हटलं.

मी मागं वळून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं.

काही महिने तो आवाज वरखाली होत राहिला. एक शब्द जुना, एक नवा. लोक 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवून देत. मग तो खाली बसला तो बसलाच. भंडाऱ्याच्या बाईंनी विचारलं, "कोन आहे जी? आमचे भाऊ सुटीवर आहेत का?"

"मीच आहो."

"सर्दी झाली का भाऊ?"

"सर्दी नाही. आता हाच राहणार."

तारेत नुसती घरघर ऐकू आली. मग त्या म्हणाल्या, "बरं. तुमसरची लाईन घेता का?" मी घेतली. त्या दिवशी मला त्यांचे उपकार वाटले.

घरी मात्र वेगळंच घडलं. ड्युटी संपवून आलो होतो. बायको दाराकडे पाठ करून कापड बेतत होती. मी उंबऱ्यातून हाक मारली, रोजचीच हाक, पाणी दे म्हणून. तिच्या हातातली कात्री पडली. ती भिंतीशी जाऊन उभी राहिली, आणि तिचा उजवा हात चेहऱ्यापुढे आडवा आला होता. मला पाहिल्यावर तिनं तो खाली घेतला. "दचकली जी मी," म्हणाली. पण मी तो हात पाहिला होता. तो हात कुठल्या घरी शिकला होता ते मला माहीत होतं.

त्यानंतर मी घरात बोलणं कमी केलं. येताना कडी वाजवायचो. जेवताना बोटानं भात मागायचो. घरात मशीन तेवढी बोलायची.

पुढल्या वर्षी माझं डोकं दुखू लागलं. चेहरा तांबडालाल, कानांत सतत आवाज, जणू घरीही हेडफोन लावलेलाच आहे. नागपूरला रक्त दिलं. डॉक्टरांनी दुपारीच बोलावून घेतलं. "रक्त फार वाढलंय. घट्ट झालंय. असं राहिलं तर गुठळी व्हायची भीती. सुई काही दिवस बंद, आणि आज एक बाटली रक्त काढू."

मी खाटेवर पडलो. खिडकीत कडुनिंब हलत होता. नळीतून माझं रक्त काचेच्या बाटलीत उतरत होतं, गडद, जांभळाकडे झुकलेलं. मी हलका होत गेलो. कानांतला आवाज दूर गेला, जसं बोर्डावर कुणी एकेक दोरी काढून ठेवावी. बायको पायथ्याशी उभी राहून बाटलीकडे पाहत होती.

सुई थांबली तशी हळूहळू जुनी झोप परत आली. शरीर ऊन उतरल्यासारखं सैल पडलं. मला ते वाईट वाटेना. वाटलं, इथंच राहावं. एका दुपारी मी बायकोसमोर बसून म्हणालो, "मी हे बंदच करतो. तुले भेव वाटते."

तिनं मशीनीचं चाक हातानं थांबवलं. "जुना आवाज वापस येईन का?"

"नाही. गळ्यातलं एकदा बदललं की बदललं, असं डॉक्टर म्हणाले."

"मंग बंद करून काय भेटन? हाडं बी जातीन. मी तुमाले उचलून नेऊ का घाटावर?"

मी खाली पडलेला कापडाचा तुकडा उचलून त्याची घडी करू लागलो.

"मले तुमचं भेव नाई," ती म्हणाली. "मांगून आवाज आला का मी ओळखत नाई, तेवढंच. अन् तुमी तं बोलनंच सोडलं. न बोलता मी ओळखनार कशी? समोर बसा. रोज बोला. मले सवय होऊ द्या."

"काय बोलू?"

"काहीबी. पेपर वाचा."

म्हणून मी पेपर वाचू लागलो. ड्युटी नसेल त्या दुपारी ती मशीनीवर आणि मी समोर पाटावर. धानाचे भाव, नदीची पातळी, हरवलेल्या माणसांच्या जाहिराती, कुठल्यातरी गावच्या सत्काराची बातमी. सुरुवातीला ती माझ्या ओठांकडे पाहत असायची, शब्द तिथूनच निघतोय याची खात्री करत. टाके वाकडे पडायचे. मग नजर कापडावर गेली. मग तिनं उजेडासाठी मशीन फिरवून घेतली आणि तिची पाठ माझ्याकडे झाली. मी थांबलो. तिचे खांदे पाहत राहिलो. ते हलले नाहीत.

"काहून थांबले?" ती म्हणाली. "जरा जोरानं वाचा, मशीनीत ऐकू येत नाई."

डॉक्टरांनी सुई पुन्हा सुरू केली, पहिल्यापेक्षा कमी आणि जास्त दिवसांनी. रक्तही जास्त वेळा तपासलं. बराच काळ गेला तेव्हा एकदा कागद बाजूला ठेवून ते म्हणाले, "आता बरोबर बसलं." हाडांचा फोटोही पूर्वीपेक्षा पांढरा दिसत होता. लेकराबद्दलही त्यांनीच काढलं. त्याच्यासाठी वेगळी औषधं असतात, फार मोठा खटाटोप, खात्री नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बायको म्हणाली, "राहू द्या डॉक्टरसाहेब. आमचं वय झालं." बाहेर आल्यावर तिनं माझा हात धरला आणि इतवारी स्टेशनपर्यंत सोडला नाही. त्या काळी नवराबायको रस्त्यात असे हात धरून चालत नसत.

सुई चालूच राहिली. रक्त देणंही.

पुढे एका उन्हाळ्यात, संध्याकाळी आम्ही वैनगंगेवर गेलो होतो. पाणी आटून पलीकडच्या काठाशी गेलं होतं, मध्ये नुसती वाळू, आणि वाळूत डांगरांच्या, म्हणजे टरबुजांच्या, वाड्या. ऊन विझत आलं होतं. सगळं पिवळं, कडा नसलेलं दिसत होतं. दूर एक वाडीवाला पाठमोरा, वेल उलटेपालटे करत होता. तिला डांगर हवं होतं. तापलेल्या वाळूतून तिथवर जायची तिची तयारी नव्हती.

"हाक मारा त्याले," ती म्हणाली.

मी मारली, बेताची.

"अशी काय मारता? जोरात मारा."

मी पोट भरून हाक दिली. ती वाळूवरून पसरत गेली. काठावरचे बगळे उडाले. माणूस उभा राहिला, त्यानं हात वर केला आणि काखेत एक डांगर घेऊन आमच्याकडे यायला निघाला. त्याला यायला पुष्कळ वेळ लागला. आम्ही वाळूवर बसून राहिलो. ती चपलेतली वाळू झटकत मला सांगत होती, वाजवून पाहिल्याबिगर घ्यायचं नाही.