लंडनकाकांची खोसा, माझी डच

लंडनकाकांसमोर ‘च्च च्च’ करायची सोय नव्हती. कुणाचं काही वाईट ऐकून आपण जीभ दातांमागे लावून हळहळायचा अवकाश, काकांचं बोट वर. “थांब! आत्ता काय केलंस? हे अक्षर हाय, खोसा भाषेतलं. तुम्ही लोक फुकट वाया घालवता.” समोरचा बिचारा कुणीतरी गेल्याची बातमी घेऊन आलेला असायचा आणि काका त्याला जिभेची जागा समजावत बसायचे.

लंडनला ते कधी गेलेच नव्हते. दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडन नावाचं शहर आहे, तिथल्या कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. कामगार खोसा बोलणारे, त्यांच्यात राहून हेही बोलायला लागले. पुढे कंपनीने हॉलंडला धाडलं, तिथे डच शिकले. निवृत्त होऊन औरंगाबादला, उस्मानपुऱ्यात, आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले. गल्लीने ‘ईस्ट’ गाळलं आणि लंडन तेवढं ठेवलं. दोन परक्या भाषा पिऊन आलेला हा माणूस मराठी मात्र अजून आपल्या गावची, बिडकीनचीच बोलायचा.

मला हवी होती डच. फक्त डच! लग्न झालं, नवरा नोकरीसाठी हॉलंडला, आइंडहोवनला गेला, आणि मला त्याच्याकडे जायचं तर आधी इथूनच डचची परीक्षा पास होणं भाग होतं. नाही झाले तर व्हिसा नाही. नवरा मोबाईलच्या पडद्यावर आणि मी माहेरी, असा आमचा संसार चालला होता. शहरात डच येणारा माझ्या माहितीतला एकच माणूस, तोही घरातच खाली. मला वाटलं, देव पावला. कसचं काय!

काकांना डच येत होती, पण प्रेम होतं खोसावर. मी डचचा ‘ग’ विचारला की म्हणायचे, “त्यात काय शिकायचंय? छावणीतल्या बेकरीवाल्या चाचांना ‘ख़ैरियत’ म्हणायला लाव. तोच घसा, तीच खरखर. औरंगाबादेत जन्म काढून तुला ते जमत नाय व्हय?” एवढ्यात डच आटोपली. मग खोसा सुरू. टांगेवाला घोड्याला हाकताना गालाच्या कडेनं जो आवाज काढतो, तो खोसात शब्दाच्या मधोमध येतो. लहान पोरं टाळूवर जीभ आपटून ‘टॉक’ करतात, तोही येतो. “आपल्या घरात हे सगळे आवाज हायेत गं, पण आपण त्यांना दारातच बसवलं. खोसांनी घरात घेतलं,” असं म्हणून काका तो ‘टॉक’ काढायचे आणि माझा तास संपायचा.

एकदा मी सासू-सासऱ्यांसाठीचे डच शब्द विचारायची चूक केली. “डच सून सासऱ्याला नावानं हाक मारती,” काका म्हणाले. “आपल्या आज्ज्या नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या. आणि खोसा सुना? जुन्या रीतीत सासऱ्याच्या नावातला नुसता तुकडा दुसऱ्या शब्दात आला, तरी तो शब्द टाकून नवा वापरतात! बोल आता!” मला शब्द हवे होते, ते राहिलेच.

पण खरा घात केला त्यांच्या एका नियमाने. कुठल्याही प्रश्नाला थेट उत्तर द्यायचं नाही. आधी नमस्कार, मग तब्येत, मग घरच्यांची चौकशी, मग उत्तर. खोसा माणूस एकट्याला विचारतानाही अनेकवचनात ‘कसे आहात’ विचारतो, कारण घर त्यात धरलेलं असतं. “थेट उत्तर फक्त पोलिसाला द्यायचं,” असं त्यांचं म्हणणं. आम्ही मराठवाड्याची माणसं, आम्हाला ते पटलंही. महिनोन् महिने मी डचमध्ये ख्यालीखुशाली घोकली.

परीक्षा मुंबईला, कॉम्प्युटरसमोर. पडद्यावरच्या बाईने विचारलं, तुम्ही कुठे राहता? मी तिला नमस्कार केला, तब्येत विचारली, घरचे बरे आहेत ना विचारलं, आणि वेळ संपली. पुढच्या प्रश्नालाही जीभ आपोआप त्याच वाटेने गेली. भानावर आले तोवर निकाल लागल्यात जमा होता.

घरी येऊन काकांना सांगितलं, तर हा माणूस हसायला लागला! “कॉम्प्युटरला घरचं विचारलंस? लई भारी! खोसात पास झाली असतीस!” मी भडकले. “काका, नवरा बसलाय तिकडं माझा! तुमची खोसा ऐकायला तुम्हाला कुणी भेटत नाही, म्हणून मला का लटकवता?” त्यांचं हसू थांबलं. म्हणाले, “व्हय. खरंय तुझं. उद्यापासून नुसती डच.”

आणि शब्द पाळला. प्रश्न, उत्तर, पुढचा प्रश्न. घरचं काही नाही, घोडा नाही, ‘टॉक’ नाही. दुसऱ्या खेपेला मी पास झाले.

निघताना गाडी दारात, आई डोळे पुसतेय, आणि मी वाकून म्हटलं, “काका, येते.” राहवलं नाही त्यांना. “आपलं हे ‘येते’ लई लबाड. डचात निघणारा, राहणारा, दोघांना एकच शब्द. खोसा बघ. निघणारा म्हणतो, नीट राहा. राहणारा म्हणतो, नीट जा. ज्याचा त्याचा वेगळा.” दोन्ही त्यांनी म्हणून दाखवले, माझ्याकडून वदवून घेतले. शेवट सारखाच, सुरुवात तेवढी वेगळी. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. “अहो काका, विमान चुकेल माझं!” मी ओरडले, तरी माझ्या वाट्याचा शब्द बोलल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या पुतण्याचा फोन आला, काका गेले. मी इथे आइंडहोवनच्या स्वयंपाकघरात उभी राहिले, आणि त्यांना खोसात ‘नीट जा’ म्हणावं म्हटलं, तर दोन्ही शब्दांतला कुठला कुणाचा ते आठवेना. असा संताप आला! मोबाईलवर क्षणात सापडलं असतं. नाही शोधलं. मला ते त्यांच्याकडूनच हवं होतं, बोट वर करून, गाडी खोळंबवून. शिवाय निघाले होते मी आणि राहणार होते ते. असंच ठरलं होतं ना आमचं?