ओतिलिया आत्याची खरडपट्टी

बोस्नियातल्या आमच्या श्तिवोर गावाला आजूबाजूचे लोक 'इटालियनांचं गाव' म्हणत. पुरानं शेतं वाहून गेली म्हणून आमचे पणजोबा इटलीच्या डोंगरातून इकडे आले. त्यानंतर शंभर वर्षं आम्ही घरात त्यांचीच बोली बोललो. माझी ओतिलिया आत्या तर कोंबड्यांनाही त्याच बोलीत दम भरायची.

बोस्नियात लढाई पेटली तशी आत्या नवऱ्याला घेऊन पणजोबांच्या मूळ गावी राहायला गेली. तिथं ती झाली 'बोस्नियावाली'. दुकानदार तिच्याशी मुद्दाम सावकाश आणि मोठ्यानं बोलायचा.

"अरे, परकी म्हणालास ना? मग ओरडतोस कशाला? बहिरी नाही मी!" आत्या म्हणायची.

आत्याची ती बोली तिथं आता फारशी कुणी बोलत नसे, म्हणून एका वर्षी जत्रेत जुन्या बोलीची स्पर्धा ठेवली होती. विषय होता, पिऊन आलेल्या नवऱ्याची खरडपट्टी. बाकीच्या बायका पाठ करून आल्या होत्या. आत्या नुसतीच मंचावर चढली. पहिल्याच रांगेत तिचा नवरा, आमचे राडोवान काका, बसले होते. काका जन्माचे सर्ब, बोली शिकले ती आत्याची बोलणी खाऊन.

"मेल्या, गाय विकायला बाजारात गेलास," आत्या कडाडली, "आणि झिंगून दोन गाई घेऊन आलास! दुसरी तर दात पडलेली! वर मला सांगतोस, स्वभावानं गरीब आहे!"

काका ताडकन उठले. "होतीच गरीब! तुझ्यापेक्षा तरी!"

काकाही त्याच बोलीत भांडतायत म्हटल्यावर मांडव हसून लोळायला लागला. जोकोंदा नावाची एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "अगं बाई, माझी आजी अश्शीच बोलायची!"

परीक्षकांनी घसा साफ केला. "छान. पण बक्षीस फक्त इथल्या माणसांसाठी आहे."

"मग तुझ्या पोराला दे," जोकोंदा गरजली. "त्याला बोलीतलं 'पाणी दे' तरी म्हणता येतं का, विचार!"

परीक्षकांचा पोरगा मान खाली घालून बसला. बक्षिसाचा, चीजचा भलाथोरला गोळा आत्याच्या हातात आला.

परतताना आत्या गोळा घेऊन रस्त्यातच थांबली. काकांनी विचारलं, "काय झालं गं?"

"इथं आल्यापासून आज पहिल्यांदा मी बोलले आणि अख्ख्या गावाला कळलं," ती म्हणाली. "आणि बोलले काय, तर तुझी लक्तरं!"

"मग उद्याही बोल की," काका गोळा खांद्यावर घेत म्हणाले. "विषय संपलेत थोडेच!"