सरांची रोटी आणि माझी टक-टक

मी दारावरची बेलसुद्धा दोनदा दाबतो.

खोड जुनी आहे. तरुणपणी सीताबर्डीत एका जिन्यावरच्या कॉम्प्युटर क्लासला जायचो. देवळात शिरावं तसं चपला बाहेर काढून आत शिरायचो! माऊस शिकवताना मास्तरांचा मंत्र एकच, "उघडत नाही? टक-टक करा!" शेजारच्या कॉम्प्युटरवर सुनंदा बसायची. ती एकदाच क्लिक करून शांतपणे वाट बघायची. मी टक-टक करत करत तिच्यापर्यंत पोहोचलो (आणि कापत कापत तिच्या वडिलांपर्यंत). पुढे लग्न झालं, मनीषनगरात घर झालं, डोक्यावरचे केस गेले. टक-टक राहिली.

मध्यंतरी सुनंदाची पीएचडी शेवटच्या टप्प्यावर आली. विषय, विदर्भातली मडक्यावरची रोटी. तिची आई ही रोटी हातावर कोपरापर्यंत लांबवून टाकायची, म्हणजे विषय घरचाच. वाचलेल्या लेखांची यादी ठेवायला तिच्याकडे एक सॉफ्टवेअर होतं. यादीतल्या ओळीवर एकदा क्लिक केलं की लेखकाचं नाव, साल वगैरे बाजूला दिसायचं. दोनदा केलं की थेट लेखच उघडायचा. ही त्याची मूळची सेटिंग. माझीही!

शेवटचं सादरीकरण घरूनच, ऑनलाइन होतं. समोर तिचे मार्गदर्शक सर आणि एक परीक्षक बाई. आमची स्क्रीन त्या दोघांनाही दिसत होती. दोघं 'हो' म्हणाले तरच प्रबंध जमा होणार. नोकरी आणि घर सांभाळून केलेली सगळी मेहनत त्या एका बैठकीवर टांगलेली. सुनंदाला हातवारे केल्याशिवाय बोलता येत नाही, म्हणून माऊस मी हट्टानं मागून घेतला.

"मी सांगीन तिथंच क्लिक करा जी," ती म्हणाली. "एकदाच!"

"मले काय समजत नाही का वं?"

सगळं सुरळीत चाललं होतं. एवढ्यात बाईंनी विचारलं, "सरांचा रोटीवरचा लेख कोणत्या सालचा? जरा दाखवता?"

सुनंदानं मला खूण केली. मी पूर्ण एकाग्रतेनं ती ओळ गाठली आणि... टक-टक!

सरांचा लेख पडदाभर उघडला. सुनंदाच्या पिवळ्या खुणांसकट! शेजारी तिच्या टिपा. पहिली, 'मडकं पालथं असतं, सर!!' दुसरी, 'ह्या माणसानं रोटी फक्त खाल्ली आहे.'

"बंद करा!" सुनंदा ओठ न हलवता म्हणाली.

"करूनच राहिलो ना!"

घाबरून मी यादीत परत आलो आणि सरांपासून लांब जावं म्हणून खालच्या ओळीवर गेलो. टक-टक! तो लेख नेमका परीक्षक बाईंचा. त्यावर टीप, 'इथे मला झोप लागली.'

"काहून?" सुनंदा कुजबुजली. "काहून दोनदा?"

मी कॅमेऱ्यासमोर डोकं घातलं. "सर, मी हिचा नवरा. चूक माझी आहे. हिला पास करा, मला हवं तर नापास करा." (मला नापास करता येईल अशी एकही परीक्षा तेव्हा शिल्लक नव्हती.)

सरांनी चष्मा पुसला, परत लावला.

"मडकं पालथं असतं?"

"हो सर," सुनंदा म्हणाली. "सरळ ठेवलं तर रोटी आत पडते."

आधी बाई फिसकन हसल्या. "सर, तुमचा लेख कुणीतरी शेवटपर्यंत वाचला! माझा लेख लिहिताना तर मलाही झोप लागली होती."

सरही हसले. "प्रबंध जमा करा. आणि एकदा रोटी खायला बोलवा. ह्या वेळी मी बघणारही आहे."

सुनंदानं त्याच दुपारी सॉफ्टवेअरची सेटिंग बदलली. आता दोनदा क्लिक केलं तरी लेख उघडत नाही. "तुम्हीपण थोडे बदला जी," एवढंच ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

प्रायश्चित्त म्हणून संत्रा बर्फी आणायला सीताबर्डीत गेलो. क्लासच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. उगाच जिन्यापाशी थोडा थांबलो. घरी आलो, श्वास रोखला आणि जन्मात पहिल्यांदा बेल एकदाच दाबली. मग शांतपणे वाट बघितली, तिच्यासारखी.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी!"

"मी कोण? आमचे हे तर दोनदा वाजवतात!"

नाइलाजानं मूळच्या सेटिंगवर आलो. टक-टक. दार उघडलं.