पणत्यांवरचा नेम

मला राग येतो, आणि तो लपवायचं वय आता गेलं. त्या दसऱ्याला तर मी सकाळपासूनच मुलावर चिडलो होतो. बारा वर्षांची नात आणि दहाचा नातू, दोघांना हवेत उडवलेल्या मातीच्या चकतीवर नेम धरायला शिकवायचं मी ठरवलं होतं. मुलगा कबूल झाला, पण अट घालून. तो स्वतः उभा राहून बघणार, आणि काही वावगं दिसलं तर पोरं पुन्हा माझ्याबरोबर येणार नाहीत. ज्याला मीच बंदूक धरायला शिकवलं, त्यानं मला अटी घालाव्यात!

चकत्या हुबळीत कुठल्या मिळायला? मी कुंभाराकडून पणत्या आणल्या, आणि त्या भिरकावायला गोकुळ रोडवरच्या वर्कशॉपात स्प्रिंगचं यंत्र करून घेतलं. महिनाभर घरात रिकाम्या बंदुकीवर एकच नियम घोटून घेतला: काडतूस घालण्याआधी बंदूक उघडायची, नळी उजेडाकडे धरायची, पलीकडचं आभाळ दिसलं तरच पुढे. नातू कंटाळायचा. नात प्रत्येक वेळी दोनदा बघायची, आणि तिच्या त्या संथपणावरही मी खेकसायचो.

खंडेनवमीला बंदुकीची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं अमरगोळच्या पलीकडे आमच्या शेतावर गेलो. मुलगा बांधावर हाताची घडी घालून उभा, परीक्षेला बसवल्यासारखा माझ्याकडे बघत. माझं डोकं आणखी तापलं. मी नातीच्या हातात बंदूक दिली, काडतूस पुढे केलं. ती बंदूक उघडायला लागली.

मी म्हणालो, पूजेआधी मीच पुसून साफ केलीय, उगाच वेळ घालवू नकोस. ती थांबेना. मग मी ओरडलोच, बापासमोर माझी शोभा करतेस का म्हणून. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं नळी उजेडाकडे धरली.

"अज्जा, आभाळ दिसेना."

मी बंदूक हिसकावून घेतली. आत झेंडू होता. पूजेत नळीच्या तोंडाशी फूल खोचायची आमच्या घरची जुनी रीत. काल मीच ते खोचलं होतं, वर अक्षता वाहिल्या होत्या. सकाळी हार काढताना फूल आत सरकलं असणार. तसाच बार काढला असता तर नळी फुटली असती, तिच्या गालाशी.

मी काठीनं फूल ढकलून काढलं. मुलगा जवळ आला. त्यानं ओरडावं असं मला वाटत होतं, म्हणजे मलाही ओरडता आलं असतं. त्यानं माझ्या पिशवीतली काडतुसं काढून नातीकडे दिली.

"अप्पा, पोरं येतील तुमच्याबरोबर. पण काडतुसं हिच्याकडे राहतील. हिनं नळी बघितल्याबिगर तुम्हालाही एक मिळायचं नाही."

माझ्याच शेतात, नातवंडांसमोर! मी संतापूनच बंदूक नातीच्या हातात परत दिली. नातीनं डोळे पुसले, नळी पुन्हा पाहिली, आणि माझ्याकडे न बघता मला पणती सोडायला सांगितलं. मी यंत्राकडे गेलो.