मालक पुढं गेल्यात

हरणाबाईला कॅलेंडर कळत नाही आणि त्याचं तिला काही वाटतही नाही. तिचा नाताळ आमच्या गच्चीवर उगवतो. डिसेंबर लागला की माझा नवरा, शांतवन, गच्चीवर उंच बांबू रोवतो आणि त्याला कागदाची चांदणी टांगतो, आत पिवळा बल्ब. ऊस तोडून मोकळ्या झालेल्या रानांवरून ती लांबवर दिसते. ती दिसली की हरणाबाई म्हणते, "शिस्टरचा सण आला," आणि मेंढरं आमच्या रानाकडे वळतात.

ती शिस्टर म्हणजे मी. सांगलीच्या एका दवाखान्यात जन्म घालवला, आता सासऱ्यांच्या या कृष्णाकाठच्या गावात राहते. माझं नाव एस्तेर आहे, पण हरणाबाईने ते एकदाही तोंडात घेतलेलं नाही. "त्ये नाव मला पेलत न्हाई," म्हणते. पेलत नाही कसलं, लक्षात ठेवायचा कंटाळा.

हरणाबाई आटपाडीकडची धनगरीण. पावसाळा गावाकडे काढायचा आणि दिवाळी सरली की मेंढरं, घोडं, कोंबड्या, कुत्री, भांडीकुंडी घेऊन चालायला लागायचं. वाटेत कुणाच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत मिळतं, यांना धान्य मिळतं. असं करत पार कराड, वाईपर्यंत जायचं आणि वळवाच्या सुमाराला परत फिरायचं. आमच्या रानात त्यांचा तळ पडतो तो नेमका नाताळात. म्हणजे आमची मैत्री वर्षातून एकदाच उगवते आणि दोन दिवसांत मावळते. तरी माझ्या गल्लीतल्या, रोज तोंड दिसणाऱ्या बायकांपेक्षा हरणाबाईचं मला जास्त माहीत आहे.

त्याला कारण आमच्या घरची रीत. ती सासूबाईंनी घातली. नाताळच्या संध्याकाळी चर्चमधून आलं, चहा झाला की सगळे चटईवर बसतात आणि एकेक जण आपल्या वर्षाची बातमी सांगतो. मध्ये बोलायचं नाही. सांगणारा "एवढंच" म्हणाला की बातमी संपली, मग काय हवं ते विचारा. सासूबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण "एवढंच" ऐकल्याशिवाय अजून कुणी करंजीला हात लावत नाही. एका नाताळला हरणाबाई गारठलेल्या कोकरासाठी कढत पाणी मागायला आली होती. सासूबाई म्हणाल्या, "बस. तुझंही वर्ष सांग." ती बसली, कोकरू मांडीवर घेऊन. तेव्हापासून ती दर वर्षी बसते.

खरं सांगायचं तर आमच्या बातम्या ऐकण्यासारख्या नसतात. शांतवनचा दमा तसाच असतो. माझे गुडघे तसेच असतात. मुलगा पुण्याहून येतो आणि नवीन गाडीबद्दल बोलतो. पण हरणाबाई बोलायला लागली की घर हळूहळू चालायला लागल्यासारखं वाटतं. तिच्या वर्षात महिने नसतात, गावं असतात. "मलकापुराजवळ मोठ्या रस्त्याच्या पुलाखालनं मेंढरं काढली, वरनं गाड्या अन् खालनं आमी, जशी दोन पान्यं एकमेकाला न भेटता वाहत्यात." "वाईला घाटावर मेंढरं पानी प्याली, तर एक गुर्जी लय वराडलं, अन् मग त्येंनीच कोकराला गूळ चारला." ती डोळे अर्धे मिटून बोलते. बाहेर नदीवरून धुकं वर येत असतं, रानातून मेंढरांच्या घंटा ऐकू येतात, कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोड वास घरात शिरतो, आणि मला आपण घरात बसलोय की कुठल्या माळावर, हे क्षणभर कळत नाही. मी स्वप्नाळू बाई नाही. चाळीस वर्षं लोकांना सुया टोचल्यात. पण त्या संध्याकाळी माझंही काही खरं नसतं.

तिच्या बातमीत नवऱ्याचं नाव येत नाही. ती त्याला "मालक" म्हणते. आम्ही सिद्धूदादा म्हणतो. सिद्धूदादा उंच, कमी बोलणारा, मिशीत हसणारा. आणि नाताळच्या संध्याकाळी बहुतेक गैरहजर. कारण कळपातल्या एकाला नेहमी पुढं जावं लागतं. उद्या कुठं बसायचं, पाणी आहे का, रानमालक कसा आहे, हे बघून ठेवायचं काम त्याचं. जिथे वाट फुटते तिथे तो बाभळीची फांदी दगडाखाली दाबून ठेवायचा, फांदीचं टोक ज्या अंगाला तिकडे मागच्यांनी वळायचं. मी दर वर्षी विचारायची, "सिद्धूदादा कुठाय?" आणि ती दर वर्षी सांगायची, "मालक पुढं गेल्यात." मग मी चिडायची. सणाच्या दिवशीसुद्धा या माणसाच्या पायाला दम नाही. आणि चिडूनच त्याच्या वाटचा केक फडक्यात बांधून द्यायची. केक त्याला फार आवडायचा. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा काळपट, दडस तुकडा हातात फिरवून म्हणाला होता, "ही तर गोड पेंड हाय." म्हशीला घालतात ती पेंड! मी सुकामेवा महिनाभर भिजवून केलेला केक, आणि त्याची पेंड झाली. तेव्हापासून आमच्या घरातही त्याचं नाव पेंडच.

या श्रावणात सिद्धूदादा वारला. हे या नाताळला आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. माहीत होतं ते एकट्या हरणाबाईला, आणि तेच सांगायला ती आली होती.

आता तुम्ही म्हणाल, नर्स होती, दिसलं कसं नाही? या वर्षीची माझी बातमीच मुळी डोळ्यांची होती. मोतीबिंदू काढला, आता सुईत दोरा ओवता येतो, असं मी ठसक्यात सांगितलं होतं. आणि समोर बसलेल्या बाईचं कपाळ मला दिसलं नाही. पण तिच्या कपाळावर हिरवं गोंदण आहे, ती कुंकू कधी लावायची कधी नाही, आणि थंडी म्हणून पदर भुवयांपर्यंत ओढलेला. जरा वाळलेली वाटली. चालणारी माणसं वाळतातच.

तिची पाळी आली. तिने सुरुवात केली ती मागच्या नाताळपासून, आमच्याच फाटकापासून. कराड झालं, मलकापूर झालं, वाईचा घाट झाला, माघारी येताना वळवाने गाठलं ते झालं. लेक राणीला मुलगा झाला, ते झालं. मग गाव आलं, पाऊस आला, श्रावण आला. तिथे ती थांबली. तिने चटईची एक काडी ओढली, परत बसवली.

"मालक पुढं गेल्यात," ती म्हणाली.

आणि मी हसले. "या वर्षीपण? अगं, त्या माणसाला सांग, येशूचा जन्म वर्षातून एकदाच होतो." सगळे हसले. माझी नात प्रांजल उठली आणि तिने ताटातला मोठा तुकडा बाजूला काढला. "ही सिद्धूआजोबांची पेंड."

आमच्यात माणूस प्रभूमध्ये निजतो. दवाखान्यात तो एक्सपायर होतो. पुढं जातो तो फक्त मेंढरांच्या आधी, जागा बघायला, आणि संध्याकाळी परत येतो. इतकी वर्षं त्या शब्दाचा तोच अर्थ मी त्याच बाईच्या तोंडून ऐकला होता.

हरणाबाईने तोंड उघडलं होतं. तिने त्या तुकड्याकडे पाहिलं, मग प्रांजलकडे, मग हसणाऱ्या माझ्याकडे. आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, चहा आवडला वाटतं.

"व्हय," ती म्हणाली. "जागा बघाय गेल्यात."

"कुठे गेलेत?" प्रांजलने विचारलं.

हरणाबाईने डोळे अर्धे मिटले. "लय लांब. माळ हाय तिथं मोठा. वढ्याला पानी हाय, उन्हाळ्यातबी आटत न्हाई. बाभळी हाईत, शेंगा खाली गळून पडत्यात, मेंढरांनी नुसतं खायाचं. रानमालक वराडत न्हाई. लांडगं न्हाईत, मोटारी न्हाईत. तिथं बसल्यात, काठी आडवी ठिवून."

"मग तुम्ही कधी जाणार?"

"फांदी घावली की. अजून न्हाई घावली."

मला तो माळ दिसला, खरंच दिसला, धुक्यात उन्हाची तिरीप पडल्यासारखा. मी मनात म्हटलं, या वेळी सिद्धूदादाने जागा झकास शोधली.

मग शांतवनने प्रार्थना केली. तो प्रार्थनेत सगळ्यांना घेतो, गावातल्या कुत्र्यांनासुद्धा. म्हणाला, "प्रभू, पुढे गेलेल्या सिद्धूला चांगली जागा दाखव. तिथे चारा असू दे, पाणी असू दे. त्याला थंडी वाजू देऊ नको. आणि मागच्यांना वाट सापडू दे." आम्ही आमेन म्हणालो. हरणाबाई आमेन म्हणत नाही, आमची प्रार्थना संपली की ती हळूच बिरोबाच्या नावानं चांगभलं म्हणते आणि शांतवन ऐकून न ऐकल्यासारखं करतो. त्या दिवशी ती आमेन म्हणाली. मग चांगभलंही म्हणाली. मी पेंड फडक्यात बांधली, वर शांतवनचा जुना स्वेटर ठेवला, आणि ती दोन्ही छातीशी धरून धुक्यात निघून गेली. करंज्या संपल्या तेव्हाही माझ्या ध्यानात आलं नाही की तिचं "येवडंच" राहिलंय.

सकाळी तिचा मुलगा बिराप्पा नळावर घागर भरायला आला. मी विचारलं, "काय रे, आले का तुझे बाबा? पेंड खाल्ली का?"

त्याने घागर खाली ठेवली. "आवं शिस्टर, बाबा श्रावनातच गेलं की. आईनं सांगितलं न्हाई व्हय?"

मला राग आला. दुःख मागाहून आलं, आधी राग. मी तशीच चप्पल अडकवून रानात निघाले. धुकं इतकं की आपले पाय आपल्याला दिसत नव्हते. मेंढरांच्या उबेचा वास आला तेव्हा कळलं, तळ जवळ आला. हरणाबाई घोड्यावर बिऱ्हाड बांधत होती.

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलेच. "मी हसत बसले, माणूस गेलाय आणि मी हसत बसले! काय वाटलं असेल तुला?"

तिने दोरीची गाठ मारली, सावकाश. "सांगितलं की. मालक पुढं गेल्यात म्हनलं." मग माझ्याकडे वळली. "तुमी हसला, शिस्टर. श्रावनापासनं त्येंचं नाव निघालं की समदी रडत्यात, न्हाई तर गप ऱ्हात्यात. कुनी हसलंच न्हाई. तुमच्या घरात त्येंची पेंड निराळी काढली, थंडी वाजू नगं म्हनून देवाला सांगितलं. म्या म्हनलं, येक सांज ऱ्हाऊ द्यात जित्तं. हितं तरी."

मी घोंगड्यावर बसले. "बस," मी म्हटलं. "तुझी बातमी अर्धी राहिली. सांग. मी मध्ये बोलणार नाही."

ती बसली आणि तिने सांगितलं. मेंढरांच्या वाड्याबाहेर बाभळीखाली तो कोकरू मांडीवर घेऊन बसला होता. पावसाची भुरभुर होती. ती भाकरी करत होती. "कोकरू उठून आईकडं गेलं. ह्ये न्हाई उठलं. मला वाटलं, डोळा लागला. म्या भाकरी गार हुईल म्हनून हाक मारली. दोनदा मारली." पुढचं तिने बोटांनी पदर चुरगाळत सांगितलं, आणि शेवटी, फार वेळाने, म्हणाली, "येवडंच."

मग ती रडली. मीही रडले, नवे डोळे असे लगेच वापरू नयेत असं डॉक्टरने सांगितलं असतानाही. भोवती मेंढरं रवंथ करत होती. तिने फडकं सोडलं आणि पेंडीचे दोन भाग केले. "घ्या. त्येंच्या वाटची आपन खाऊ." आम्ही खाल्ली. खरंच जरा दडस झाली होती.

ऊन वर आलं तसं धुकं विरलं आणि कळप हलला. बिराप्पा पहाटेच पुढं जाऊन आला होता, आता तो पुढं जातो. अंगात बापासाठी दिलेला शांतवनचा स्वेटर होता. बांधाशी हरणाबाई थांबली आणि आमच्या गच्चीकडे बघत राहिली. बल्ब चालूच राहिला होता, दिवसाउजेडी फिकट.

"शिस्टर, फुडल्या सालाला चांदनी जरा आणिक उंच बांधाय सांगा."

"का गं? तुला तर लांबून दिसते."

"मला दिसती," ती म्हणाली. "त्येंस्नी दिसाय पायजे."